भिकाजीरावांचं नाव घेते

माझ्या नवऱ्याचं नाव भिकाजी. एवढं चार शब्दांचं वाक्य उच्चारायला मला लग्नानंतर एकवीस वर्षं लागली, आणि मध्ये यांच्या मेंदूचं एक ऑपरेशन व्हावं लागलं.

त्याआधी हे नाव मी आयुष्यात तीनदा घेतलं होतं. एकदा लग्नात घास भरवताना, एकदा आमच्या नर्मदेच्या बारशाला, आणि एकदा शेजारच्या हळदीकुंकवाला बायकांनी दार अडवून धरलं तेव्हा. तिन्ही वेळा उखाण्यात. उखाण्यात नाव आलं तर चालतं. उघडं नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं आमच्या वाडीतल्या सगळ्या बायका मानत होत्या आणि मीही मानत होते. आता कोणी हसायचं तर हसावं. जिचा नवरा आठ महिने समुद्रावर असतो तिने असल्या गोष्टींची परीक्षा बघत बसू नये.

हे तांडेल होते. मालवणहून कौलं, नारळ, सुंभ भरून गलबत मुंबईला न्यायचं आणि तिकडून मीठ-मसाला घेऊन यायचं, हा यांचा धंदा. रागाला एकदम कडक. गलबत अजून बंदराच्या तोंडाशी असायचं आणि यांचा खलाशांवर ओरडण्याचा आवाज आमच्या पडवीत यायचा. मी तो आवाज ऐकून चुलीवर भात चढवत असे. घरी आले की पाटावर बसायचे, पहिला घास घ्यायचे आणि म्हणायचे, "मीठ कमी." कधी मीठ जास्त पडलं तरी म्हणायचे. एकवीस वर्षांत माझ्या स्वयंपाकाविषयी यांनी दुसरा शब्द काढला नाही.

एकसष्ट साली माघात यांना गलबतावर फेफरं आलं. डोकं तर त्याआधी दोन-तीन वर्षं दुखतच होतं, पण सुंठ उगाळून लावायची आणि माझ्यावर खेकसायचं, एवढाच त्याच्यावर इलाज चालला होता. मालवणच्या डॉक्टरांनी तपासून आम्हा दोघांना थेट मुंबईला धाडलं. यांचा धाकटा भाऊ महादू तिकडे गोदीत नोकरीला होता, त्याने सगळी धावपळ केली. शिमग्याच्या सुमाराला कवटी उघडून लिंबाएवढी गाठ काढली. जीव वाचला. मी मात्र इतकी घाबरले होते की डॉक्टरांनी ती गाठ किती वर्षांची असेल ते सांगितलं तेव्हा भलताच विचार मनात आला. पाच वर्षं असेल, कदाचित जास्तही, असं ते म्हणाले, आणि माणसाचा स्वभावसुद्धा तिच्यामुळे बदलतो म्हणाले. म्हणजे मी इतकी वर्षं संसार केला तो यांच्याशी की त्या लिंबाशी, असं मला वाटलं. मग आठवलं, हे तर लग्नात भटजींवरही खेकसले होते. मनाला जरा बरं वाटलं.

हे शुद्धीवर आले ते दुसरेच कोणी होऊन. आवाज मऊ, चेहऱ्यावर हसू, नर्सबाईने पाणी दिलं तरी हात जोडायचे. समुद्र सगळा आठवत होता. कारवारपासून मुंबईपर्यंतची बंदरं, वारे, खडक, सगळं तोंडपाठ. मात्र घर पुसून गेलं होतं. महादूला हे भला माणूस म्हणायचे आणि मला बाये. नाव विचारलं तर सांगायचे, "सतरा." तो यांच्या खाटेचा नंबर होता.

घरी सोडताना डॉक्टरांनी मला समोर बसवून शुद्ध मराठीत समजावलं, "बाई, सकाळी सांगितलेलं ते संध्याकाळी विसरतील. कंटाळायचं नाही. रोज सकाळी त्यांना त्यांचं नाव सांगायचं, गाव सांगायचं आणि तुम्ही कोण ते सांगायचं. डोक्यात बसेपर्यंत." मी मान डोलवली. बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी कशाला मान डोलवली.

पावसाआधीच्या शेवटच्या काही बोटी चालू होत्या, त्यातल्या एका बोटीने आम्ही निघालो. हे डेकवर माझ्या शेजारी बसले होते, डोक्यावरची खूण झाकायला टोपी घातलेली. रत्नागिरी मागे पडली तेव्हा यांनी मोठ्या अदबीने मला विचारलं, "बाये, तुमी सोबतीक आसास म्हणान बरा. तुमचो घोव खंय असता?"

माझा नवरा कुठे असतो, हे यांनी मलाच विचारलं! मला राग आला आणि रडूही आलं. मी म्हटलं, "ह्याच बोटीर आसा."

यांनी उठून डेकभर नजर फिरवली. "खंय दिसणा नाय तो."

"माकाय दिसणा नाय," मी म्हटलं आणि पदर तोंडाला लावून समुद्राकडे बघत बसले.

घरी आल्यावर पहिलं कोडं पडलं ते नावाचं. मी घेणार नाही हे ठरलेलंच, पण दुसरं कोणी तरी घेईल असं मला वाटत होतं. तर कोणीच घेईना. वाडीत सगळे यांना तांडेलानू म्हणत. यांच्या चुलत्या सुभद्राकाकी शेजारीच राहत, त्या यांना लहानपणापासून बाबू म्हणत आणि वाडीतल्या प्रत्येक पुरुषालाही बाबूच म्हणत. यांची आई जिवंत असती तर तिनेही घेतलं नसतं. पहिली दोन मुलं गेली म्हणून तिसऱ्याला दृष्ट लागू नये असं हे नाव ठेवलेलं, आणि ठेवल्यावर ते नीट झाकून ठेवलेलं. लेक नर्मदा वेंगुर्ल्याला दिलेली. ती चार दिवस येऊन रडून गेली. तिला यांचं नाव यांना सांग म्हटलं तर बापाचं नाव कसं घेऊ म्हणाली. चाळीस वर्षं एक माणूस एका नावाने जगला आणि ते नाव घेणारं माणूस सगळ्या वाडीत नव्हतं.

सुभद्राकाकींनीच वाट काढली. म्हणाल्या, उखाण्यात घे. त्यात दोष नाही आणि डॉक्टरचंही मन राखलं जाईल. मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी यांच्यापुढे पेज ठेवली, पदर सावरला आणि म्हटलं:

"उकड्या तांदळाची पेज, वर खोबऱ्याची कातळी,
भिकाजीरावांचं नाव घेते रोज सकाळी सकाळी."

हे खूश झाले. वाटी खाली ठेवून मान डोलवली. मग मी गावाचं नाव सांगितलं. तिसरं राहिलं, मी कोण ते. बायको हा शब्द यांच्या तोंडावर म्हणायची मला लाज वाटली. एकवीस वर्षांत तशी वेळ आलीच नव्हती. मी म्हटलं, "मिया ह्या घरातली." आमच्याकडे घरातली म्हटलं की बायको असंच सगळ्यांना कळतं. यांनी हात जोडले.

असं रोज सुरू झालं. आषाढापर्यंत माझ्याजवळचे उखाणे संपले. मग शेजारची यशोदा मदतीला आली. तिचा नवरा धोंडू यांच्याच गलबतावर खलाशी होता. पावसात गलबतं किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी शाकारलेली, पुरुष सगळे घरी, बायकांना करमणूक हवीच होती. यशोदा एक ओळ जोडायची, काकी दुसरी, आणि सकाळी पेजेच्या वेळेला आमच्या पडवीत चार-पाच जणी काहीतरी निमित्त काढून हजर. कोणी विस्तव मागायला, कोणी मिरच्या. हे सगळ्यांना बसा म्हणायचे आणि माझ्याकडे बघून वाट पाहायचे. एकदा पावसाने चूल पेटेना, डोळ्यांत धूर गेलेला, आणि उखाणा काही सुचेना. मी फणकाऱ्याने म्हटलं:

"बांगड्याच्या तिखल्यात तिरफळांचा वास,
भिकाजीरावांचं नाव घेते, पण डोक्याला झाला त्रास."

बायका लोळायच्या बाकी राहिल्या. हे तर इतके हसले की टोपी पडली. हे असे हसतात हे मला चाळिशीला आल्यावर कळलं. हसणं छान होतं, ते मी कबूल करते.

सगळ्या बायका म्हणायच्या, तुझं नशीब उघडलं, सोन्यासारखा नवरा झाला. खोटं नव्हतं. हे पाण्याची घागर उचलू लागले. परसातल्या भेंड्यांना पाणी घालू लागले. जेवताना दर घासाला म्हणायचे, अमृत आहे बाये, अमृत. मला आधी बरं वाटलं, मग संशय आला. एक दिवस मी मुद्दाम आमटीत मीठ घातलंच नाही. यांनी ओरपून खाल्ली आणि अमृत म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. शिव्या खाऊन कधी रडले नव्हते ती कौतुकाने रडले. एखादा भला पाहुणा घरी उतरावा तसे हे वागत होते, आणि पाहुण्याशी किती दिवस संसार करणार? यांची सगळी आठवण परत यावी असा माझा हट्ट नव्हता. लग्न नाही आठवलं तरी चाललं असतं, नर्मदेचं बारसं नाही आठवलं तरी चाललं असतं. मी यांची कोण, एवढं एक यांना कळायला हवं होतं.

श्रावणात यांना मालवणच्या डॉक्टरांकडे दाखवायला नेलं. धोंडू बरोबर होता. डॉक्टरांनी नाडी बघितली, टोपी काढून खूण बघितली आणि विचारलं, "तांडेल, तुमचं नाव काय?"

हे ताठ बसले, गळा साफ केला आणि म्हणाले:

"गलबताच्या शिडाला काथ्याची दोरी,
भिकाजीरावांचं नाव घेते भरल्या घरी."

डॉक्टर टेबलावर हात आपटून हसले. घेते म्हणाले म्हणून काय झालं, नाव तर आलं, असं त्यांनी मला सांगितलं. यमक असलं की डोक्यात टिकतं, तुम्ही हुशारीचं काम केलंत, बाकीचं हळूहळू येईल. मी एवढी फुगले की परत येताना वाटेत दिसेल त्याला सांगत सुटले. घरी येऊन देवापुढे खडीसाखर ठेवली आणि वाडीत वाटली. काकी म्हणाल्या, बघ, रीतही राहिली आणि गुणही आला.

कोणाचं नाव घेते, हे मात्र कोणी यांना विचारलं नाही. डॉक्टरांनी नाही आणि मीही नाही.

नारळी पौर्णिमेला सकाळपासून ऊन पडलं होतं. संध्याकाळी सगळे पुरुष नारळ घेऊन बंदरावर जाणार होते. समुद्राला नारळ दिला की गलबतांवरचे झाप उतरवायचे. मी चुलीवर नारळीभात शिजत ठेवला होता. पडवीत काकी आणि यशोदा खोबरं किसत बसल्या होत्या. इतक्यात हे आतून बाहेर आले. धुतलेलं धोतर, टोपी, काखेत छत्री आणि हातात एक गाठोडं. मला वाटलं, बंदरावर निघाले. मी म्हटलं, नारळ घेतलात का?

यांनी गाठोडं खाली ठेवलं आणि मला वाकून नमस्कार केला. नवऱ्याने बायकोला. यशोदेच्या हातातली किसणी पडली.

"बाये, तीन म्हयने तुमच्या घरात जेवलंय," हे म्हणाले. "तुमी माझा खूप केलास. पण आज नारळी पुनव. आता गलबतां सुटतली, तुमचो घोव घराक येतलो. परको माणूस घरात बघून त्याका काय वाटात? मी जातंय."

मी विचारलं, "माझो घोव? कोण?"

"भिकाजी," हे म्हणाले. "रोज सकाळी ज्याचा नाव घेतास तो. खरा सांगू? पावसात सगळे तांडेल घराक असतत. ह्यो मेलो खंय ऱ्हवलो? अशी माया करणारी बायल टाकून जो पावसात घराक येणा नाय, तो माणूस बरो न्हय."

मी पायरीवर बसले. तीन महिने मी नेमाने, पदर सावरून, यमक जुळवून यांना एका परक्या माणसाचं नाव शिकवलं होतं. आणि यांच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं. इतकं पक्कं, की त्या भिकाजीसाठी हे माझं घर सोडून निघाले होते.

तरी माझी जीभ रेटेना. मी आधी उखाण्याचाच आधार घेतला. यांच्याकडे बोट करून म्हटलं, गलबताच्या शिडाला काथ्याची दोरी, भिकाजीरावांचं नाव घेते. यांनी समजूतदारपणे मान हलवली आणि म्हणाले, "तोच, तोच भिकाजी."

मग मी लाज सोडली आणि म्हटलं, मिया तुमची बायल. हे दोन पावलं मागे सरले. चेहरा लाल झाला. "असा काय बोलतास बाये? तुमी भिकाजीची बायल. मी रोज माझ्या कानांनी ऐकलंय." आणि गाठोडं उचलून खरंच पायरी उतरायला लागले.

आता एकच गोष्ट उरली होती. काकींना ती माझ्या आधी कळली. त्या म्हणाल्या, "नको गो, आयुष्य कमी होतला त्याचा." मलाही तेच भय होतं. कवटी उघडून यम ज्याला सोडून गेला त्याला मी आपल्या तोंडाने मारणार की काय, असं वाटलं. पण हे त्या पायरीवरून उतरून गेले तर त्या आयुष्याचं मी काय करणार होते? मी उठून यांच्या धोतराचं टोक धरलं.

"भिकाजी तुमी," मी म्हटलं. "तुमचाच नाव भिकाजी. भिकाजी, भिकाजी. दुसरो कोण नाय, आनी कोण येवचो नाय."

काकींनी कानांवर हात ठेवले. हे पायरीवर एक पाय, अंगणात एक पाय असे थांबले. माझ्याकडे बघितलं, मग पडवीकडे, मग दारावरच्या त्या खुंटीकडे, जिथे यांची टोपी रोज असायची. कपाळावर हळूहळू आठी चढली. ती आठी मी ओळखत होते. एकवीस वर्षं तिच्या धाकात काढली होती.

"मगे इतके दिवस सांगूक काय झालेला गो तुका?" हे असे कडाडले की बंदरावर ऐकू गेलं असेल. "तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेलंस?"

गो म्हणाले. तुका म्हणाले. मी तिथेच पायरीवर बसून रडायला लागले आणि मध्येच हसायला लागले, आणि यशोदाही हसत-रडत होती, आणि काकी कानांवर हात तसेच ठेवून माझ्यावर ओरडत होत्या की नारळीभात खाली लागला. खरंच लागला होता. वाडीभर वास सुटला होता.

आठी लगेच उतरली. हे माझ्याशेजारी पायरीवर बसले आणि हळूच विचारलं, "तुझा नाव काय?" तेही यांनी कधी घेतलेलं नव्हतं, नुसतं गो म्हटलं की मी धावत यायची. मी सांगितलं, आनंदी. यांनी विचारलं, हे नाव कोणी ठेवलं? मी म्हटलं, तुम्हीच, लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून.

"बरा ठेवललंय," हे म्हणाले.

गाठोडं सोडलं तर त्यात एक धोतर, महादूने दिलेला सदरा आणि माझ्यासाठी सोलून ठेवलेले दोन नारळ निघाले. ते निरोपाचे होते. त्यातलाच एक आम्ही दोघांनी संध्याकाळी बंदरावर जाऊन समुद्राला दिला.

लग्न यांना अजूनही आठवत नाही. मी सांगते आणि हे गोष्ट ऐकल्यासारखे ऐकतात. स्वभाव मऊच राहिला, राग आला तर महिन्यातून एकदा, आणि त्या दिवशी मी खुशीत असते. सुभद्राकाकींनी मात्र पुढचे कित्येक दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

त्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पेजेच्या वेळेला बायका नेहमीप्रमाणे निमित्त काढून पडवीत आल्या. उखाणा ऐकायला. मी पेज वाढली, खोबऱ्याची कातळी ठेवली आणि आतूनच हाक मारली, "भिकाजीनू, पेज निवता."

हे आले, पाटावर बसले, एक घोट घेतला.

"आनंदी," हे म्हणाले, "मीठ कमी आसा."